काहीही ऐकू येत नसल्याचा ठराव

सुनेच्या पीएच.डी.चा प्रश्न मी इमारतीच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक चार म्हणून घेतला, ही माझी चूक होती असं आता सगळे म्हणतात. सगळे म्हणजे आमची ही, परगावी नोकरी करणारा मुलगा फोनवरून, आणि विद्यापीठातल्या खिडकी क्रमांक सहावरच्या बाई. सूनबाई तेवढी काही म्हणाली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मुळात सुरुवात मी केलेली नाही. विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं. परिपत्रक म्हटलं की मला राहवत नाही, एकतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलीत, त्यामुळे मी ते तीनदा वाचलं. उत्तम परिपत्रक होतं. संशोधन चार भिंतींत अडकून न राहता समाजापर्यंत पोचावं, या उदात्त हेतूनं यापुढे प्रत्येक विद्यार्थ्यानं प्रबंध दाखल करण्याआधी त्या विषयाशी संबंध नसलेल्या किमान चाळीस सामान्य नागरिकांना आपलं संशोधन समजावून सांगायचं होतं. आणि त्या चाळीस जणांनी ‘नमुना ग’वर सही करायची होती. नमुना ग वर छापलं होतं, ‘सदर संशोधन मला समजले व पटले.’ आता ‘समजले’ एवढ्यावर भागलं असतं. पण कुठल्या तरी टेबलावरच्या माणसाला वाक्य एका क्रियापदावर सोडवेना. मी त्याला दोष देत नाही. मीही ‘व पटले’ लिहिलंच असतं.

सूनबाईची पाच वर्षांची मुदत तीस तारखेला संपत होती. त्याच्या आत प्रबंध आत गेला नाही, तर नोंदणी रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तिनं बिचारीनं आधी स्वतःच प्रयत्न केला होता. वाचनालयात व्याख्यान ठेवलं. सात माणसं आली. त्यातली तीन पेपर वाचायला आली होती आणि ही मध्येच का बोलतेय म्हणून त्रासिक नजरेनं बघत होती. एक गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांत झोपले. एकानं सही केली, पण ‘व पटले’वर काट मारून. म्हणजे हिशेब बावीस दिवस उरलेले आणि हातात अर्धी सही, असा झाला.

ती जेवणाच्या टेबलावर कोरे नमुने पसरून बसली होती. मी म्हणालो, “माझ्यावर सोड.”

स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, “नको.”

एवढंच. पस्तीस वर्षांच्या संसारात हिनं माझ्या योजनांवर याहून मोठं भाषण कधी केलेलं नाही. पण मी इमारतीचा सेक्रेटरी आहे. सलग नऊ वर्षं बिनविरोध. (दुसरं कोणी उभं राहत नाही, हा भाग वेगळा.) चाळीस माणसं गोळा करणं ज्याला जमत नाही, त्यानं सेक्रेटरी कशाला म्हणवून घ्यायचं? शिवाय या संशोधनाबद्दल मी पाच वर्षांत चकार शब्द काढलेला नव्हता. निदान तिच्यासमोर तरी नाहीच. तेव्हा आता मदतीची वेळ आली, तर मागे कसा राहणार?

“विषय काय आहे पण नेमका?” मी विचारलं.

सूनबाईनं हातातला कोरा नमुना खाली ठेवला. मग म्हणाली, “बाबा, इमारतीत एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात किती ऐकू जातं, आणि ऐकू आल्यावर लोक काय करतात.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पाच वर्षं! मनात आलेलं मी गिळलं आणि कामाला लागलो. तिचं ते वाक्य नोटिशीत घालण्याजोगं नव्हतं. इतकं सोपं लिहिलं तर लोकांना वाटेल यात काही नाहीच. म्हणून मी ते जनतेसाठी नीट करून लिहिलं: ‘विषय क्रमांक ४. इमारतीतील आंतरसदनिका ध्वनिवहनाबाबतचे निवेदन ऐकून घेणे, त्यावर विचारविनिमय करणे व योग्य तो निर्णय घेणे.’

‘योग्य तो निर्णय घेणे’ हे शब्द मी मुद्दाम घातलेले नाहीत. हे कृपा करून लक्षात घ्या. एकतीस वर्षं प्रत्येक विषयाच्या शेवटी तेच लिहीत आलो. ‘विचारविनिमय करणे’ झालं की पेन आपोआप तिकडे वळतं, हात थांबत नाही. पण पुढचा सगळा सत्यानाश त्या चार शब्दांनी केला.

विषय क्रमांक पाच मी पार्किंगचा ठेवला. आमच्याकडे पार्किंग म्हटलं की आजारी माणसंसुद्धा सभेला येतात. चार संपल्याशिवाय पाच लागणार नाही, म्हणजे उठून जायची सोय नाही. या युक्तीबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

नोटीस लागली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे हेडमास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून जिना चढतानाही वर्गात शिरल्यासारखे चढतात. ते म्हणाले, “तात्पर्य हवं. तात्पर्याशिवाय मुलांच्या लक्षात राहत नाही.” आता सभेत सगळ्यात लहान मूल एकोणपन्नास वर्षांचं होतं. चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “लोकांना घाबरवल्याशिवाय काही समजत नाही. मी आधी किडलेल्या दाढेचा फोटो दाखवतो, मग बोलतो.” आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या शिवणकामाच्या काकू म्हणाल्या, “मध्ये चहा ठेवा. अर्ध्या तासाच्या वर माझं डोकं चालत नाही.” आमच्या बरोबर वर राहणारे वकीलसाहेब सभेचे अध्यक्ष. त्यांनी सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, “‘आढळले’ म्हणायचं नाही. ‘आढळल्याचे समजते’ म्हणायचं. उद्या कोणी नोटीस पाठवली तर?”

सूनबाईनं सगळं वहीत लिहून घेतलं आणि त्यातलं काहीही केलं नाही.

सभेला शेहेचाळीस माणसं आली. तळमजल्यावर, गाड्या बाहेर काढून, खुर्च्या मांडल्या होत्या. आणि खरं सांगतो, पोरगी काय बोलली! अकरा मिनिटं. एक अवघड शब्द नाही. मलासुद्धा सगळं कळत होतं आणि मी नोंदी घेत असूनही कळत होतं. मग तिनं एक प्रयोग केला. पाचव्या मजल्यावरच्या रिकाम्या घराच्या स्वयंपाकघरात तिनं फोन ठेवला होता आणि त्यातून साध्या बोलण्याच्या आवाजात वीस शब्द वाचले जाणार होते. आमच्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका डक्टमध्ये उघडतात. पाइप वगैरे सगळे तिथूनच जातात. तळमजल्यावर डक्टच्या जाळीपाशी उभं राहून जे ऐकू येईल ते लिहायचं. लोकांना काय, खेळच मिळाला. कागद-पेन्सिली घेऊन गर्दी केली. कोणाचे पंधरा बरोबर आले, कोणाचे सतरा. हेडमास्तरांचे एकोणीस आले तेव्हा त्यांनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या. मी नमुना ग चा गठ्ठा पुढे सरकवून ठेवला.

सूनबाई म्हणाली, “पाचव्या मजल्यावरून ही गत आहे. वरच्या-खालच्या घरांत तर साध्या आवाजातल्या बोलण्याचे दहापैकी नऊ शब्द समजतात.”

टाळ्या थांबल्या.

म्हणजे एकदम नाही थांबल्या. पुढच्या रांगेतल्या थांबल्या, मग मधल्या, मग शेवटी मागे एक गृहस्थ एकटेच वाजवत होते, त्यांच्या बायकोनं त्यांचा हात धरला. मग जो तो वर बघायला लागला. वर काही नव्हतं, ट्यूबलाइट होती. मला वाटतं, प्रत्येक जण मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात काय काय बोललो ते आठवत होता.

सगळ्यात आधी शिवणकामाच्या काकू उठल्या. “हे बघ बाळ, तुझं शिक्षण मोठं आहे. पण मला कधी कोणाचं काही ऐकू आलेलं नाही. माझं मशीन चालू असतं.”

“मलाही नाही,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“तुम्हाला कसं येईल?” काकू म्हणाल्या, “तुम्ही दोघं तर गाडी विकायची की नाही यावरून मंगळवारपासून बोलतच नाही आहात.”

डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मला कशाला कोण सांगतंय! कळतं माणसाला.”

“आणि हे बघा,” हेडमास्तर मध्ये पडले, “कोणाचं ऐकण्याची आपल्या इमारतीची संस्कृतीच नाही. मी तळाला राहतो. सगळं खालीच यायचं, तर माझ्याकडे आलं असतं. आलं का? वकीलसाहेबांचे चिरंजीव परीक्षेला बसलेच नाहीत, हे मी आजतागायत कोणाला बोललो का?”

वकीलसाहेबांचे चिरंजीव परीक्षेला बसले नाहीत, हे वकीलसाहेबांच्या पत्नीला त्या क्षणी समजलं. त्या उठून उभ्या राहिल्या. वकीलसाहेबांनी टेबलावर पेन आपटून शांतता राखायला सांगितलं आणि शांतता राखल्यावर तिचा त्यांनाच जास्त त्रास व्हायला लागला. पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात जोरदार चर्चा झाली. जो तो उठून, आपल्याला काहीही ऐकू येत नाही, हे सिद्ध करत होता. आणि सिद्ध करण्यासाठी पुरावा म्हणून काय काय ऐकू आलेलं नाही, त्याची यादी देत होता. कोणाच्या आईला कोणी घरी ठेवून घ्यायला नकार दिला, कोणाचा पगार किती, कोण रोज कोणाला फोन करून रडतं. सूनबाई एका कडेला उभी होती. तिनं वही मिटून टाकली होती. तिच्या प्रबंधाला याहून चांगला पुरावा मिळाला नसता, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिला लोकांची दया येत होती बहुधा.

शेवटी वकीलसाहेब माझ्याकडे वळले. “सेक्रेटरी, विषय काय लिहिलाय?”

मी वाचून दाखवला. “...व योग्य तो निर्णय घेणे.”

“मग घेऊन टाकू,” ते म्हणाले.

असा तो ठराव झाला. ‘ठराव क्रमांक चार. असे ठरले की, या इमारतीत कोणालाही कोणाचेही काहीही ऐकू येत नाही. सूचक: हेडमास्तर. अनुमोदक: शिवणकामाच्या काकू. ठराव एकाही विरोधाशिवाय मंजूर.’ माझ्याच अक्षरात आहे. एकाही विरोधाशिवाय असं लिहिलंय ते खरं आहे, कारण माझाही हात वर होता. आमच्या घरातून काही बाहेर जात असेल असं मला वाटत नव्हतं, आणि सगळे हात वर असताना सेक्रेटरीचा खाली कसा दिसेल? सूनबाईनं तो हात पाहिला. आमच्या हिनंही पाहिला. त्यानंतर पार्किंगच्या विषयाला वेळ उरला नाही.

नमुना ग वर अर्थातच कोणी सही करेना. वकीलसाहेबांनी कायदा काढला. ऐकू येत नाही असा ठराव केल्यावर, ऐकू येतं हे पटल्याची सही कशी करणार? दोन्ही कागदांवर एकच माणूस! पण मी हार मानणारा नाही. सभेच्या इतिवृत्तावर शेहेचाळीस सह्या होत्या. चाळीस हव्या होत्या, सहा जास्तच. मी त्याची प्रत काढली, खरी प्रत म्हणून शिक्का मारला, आणि सूनबाईला न विचारता दुसऱ्या दिवशी विद्यापीठात खिडकी क्रमांक सहावर दिली. तिला सुखद धक्का द्यायचा होता.

खिडकीतल्या बाईंनी आधी शिक्का मारून आवक क्रमांक दिला आणि मग वाचायला घेतलं. आमच्या सेक्शनमध्येही हीच पद्धत होती.

“काका,” त्या म्हणाल्या, “हे तर लोकांनी फेटाळलंय.”

“फेटाळलं नाही. सहभाग घेतला.”

“इथं लिहिलंय काहीही ऐकू येत नाही. प्रबंधात लिहिलंय येतं.” त्यांनी छापील तक्ता काढून बोट फिरवलं. “समजले व पटले, याचा रकाना आहे. फेटाळलं, याला रकानाच नाही.”

“मग कागद परत द्या.”

“आवक झालेला कागद परत जात नाही.”

हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती लोकांना ऐकवलं असेल! समोरचा माणूस तेव्हा असा का बघायचा ते मला त्या दिवशी कळलं. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. त्यांनी तीन मार्ग सांगितले. एक, ठराव रद्द करून त्याची प्रत आणा. दोन, चाळीस सह्यांचा नमुना ग आणा. त्याची तारीख नंतरची असली, की हा कागद आपोआप मागे पडतो. तीन, प्रबंधात दुरुस्ती करा. “नाहीतरी एका शब्दाचा प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “‘येते’च्या जागी ‘येत नाही’ करायचं.”

ठराव रद्द करायचा तर नवी सभा हवी, आणि सभेला चौदा दिवसांची नोटीस हवी. हा चौदा दिवसांचा नियम नऊ वर्षांपूर्वी मीच घालून घेतला होता, भांडून. तीस तारखेला उरले होते सहा दिवस.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सूनबाई ऐकत होती. माझा अपराध मला दिसत होता, नाही असं नाही, पण मला तो लवकर मिटवायचा होता. मी म्हणालो, “तिसरा मार्ग काय वाईट आहे? एक ‘नाही’ घालून टाकू. डिग्री मिळाल्याशी कारण.”

“बाबा, ते खरं नाहीये,” ती म्हणाली आणि आत गेली. दार लावलं तेही हळू.

आमच्या हिनं कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

मग मी दारोदार निघालो. हातात नमुना ग, खिशात दोन पेनं. हेडमास्तरांनी मला बसवलं, चहा पाजला, आणि सूचकानंच फिरणं बरं दिसत नाही म्हणाले. डॉक्टर दारातच म्हणाले की सही केली तर बायको विचारेल, तुला काय ऐकू येतं? गंमत बघा, पाच वर्षांपूर्वी याच सगळ्यांनी सूनबाईच्या संशोधनासाठीच्या संमतिपत्रावर न वाचता सह्या ठोकल्या होत्या. हेडमास्तरांना वाटलं होतं ते झुरळांच्या औषधाचं आहे. आता मात्र जो तो चष्मा काढून पुसून वाचत होता. पाच दिवसांत मला एकही सही मिळाली नाही. एकोणतीस तारखेला, रविवारी सकाळी, मी शेवटी शिवणकामाच्या काकूंकडे गेलो.

काकू मशीनवर होत्या. “सेक्रेटरी, मी सही केली तर मला ऐकू येतं असं होईल. मग काय ऐकू येतं तेही सांगावं लागेल.”

“सांगा की!” मी वैतागलोच होतो. “आमच्या घरातून काय ऐकू येणार तुम्हाला? आमच्याकडे वरचा सूर कोणाचा नसतो.”

काकूंनी मशीन थांबवलं. मग माझ्याच आवाजात, माझ्याच ठेक्यात, मी जसा शेवटचा शब्द ओढतो तसा ओढून त्या म्हणाल्या, “‘भिंतीला कान लावून कोणी डॉक्टर होतं का?’ हे आठवड्यातनं तीनदा. ‘लोक विचारतात सून काय करते, त्यांना काय सांगू?’ हे पाहुणे येऊन गेले की. आणि ‘पाच वर्षांत दुसरी असती तर घर सांभाळून नोकरी केली असती’, हे मागच्याच महिन्यात. सेक्रेटरी, वरचा सूर लागत नाही हो. तुमचा साधाच सूर आहे.”

मला खुर्ची दिसत होती, पण बसवेना. “ते मी आमच्या खोलीत बोलतो,” मी म्हणालो. “हिच्याशी. तिला कधी ऐकू गेलेलं नाही.”

“मी एक मजला खाली,” काकू म्हणाल्या. “ती तर भिंतीपलीकडे बसते.” आणि त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं, बहुधा माझी सोय म्हणून.

घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावरचा प्रबंध पहिल्यांदा उघडला. शेवटी तक्ते होते. घरांची नावं नव्हती, नुसते आकडे. पण आमचा दरवाजा अकरा नंबरचा आणि तक्त्यातलं घरही अकरा. ‘ज्येष्ठ पुरुष. आवाज मध्यम. उच्चार उत्तम.’ खोटं कशाला बोलू, ‘उच्चार उत्तम’ वाचून मला क्षणभर बरं वाटलं. पुढे होतं, ‘शब्द ओळखू येण्याचे प्रमाण चौऱ्याण्णव टक्के, इमारतीत सर्वाधिक. ऐकणारीने टेबल दुसऱ्या भिंतीकडे हलवले. फरक पडला नाही.’ टेबल हलवलं तेव्हा फरशीवर ओरखडे पडले म्हणून मी कुरकुर केली होती. तीही तिनं ऐकली असणार. मागे संमतिपत्रांचा गठ्ठा जोडला होता, त्यात माझी सही होती, झोकदार. सहावं प्रकरण ऐकू आल्यावर लोक काय करतात याचं होतं. तिनं लिहिलं होतं की ऐकू न आल्यासारखं वागणं, ही एकावर एक राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना दिलेली मोठी सवलत आहे, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला द्यावी लागते. एवढं वाचलं आणि मला फार लाज वाटली.

दुपारचे तीन वाजले होते. रविवार, सगळे घरी, सगळीकडे शांत. मी स्वयंपाकघरात गेलो आणि डक्टच्या खिडकीची काच सरकवली.

आमची ही म्हणाली, “ओरडू नका हां.”

“नाही. साध्याच आवाजात. संशोधन साध्या आवाजावर आहे.”

घसा खाकरला. सवयीनं तोंडातून पहिलं वाक्य निघालं, “सर्व सदस्यांना कळवण्यात येते की...” आणि पुढे काही सुचेना. मग जे आलं ते बोललो. म्हणालो, “मी अकरा नंबरमधला. मी पाच वर्षं माझ्या सुनेच्या कामाबद्दल वाटेल ते बोललो, आणि ते तुम्ही ऐकलंत. तिनंही ऐकलं. ती एकदाही उलटून बोलली नाही. मी तिचं काम आज पहिल्यांदा वाचलं. मी मूर्ख आहे. सभेत मी हात वर केला तो खोटा होता. मला वकीलसाहेबांचं घोरणं ऐकू येतं, काकूंचं मशीन ऐकू येतं, डॉक्टर कोणाशी बोलत नाहीत तेसुद्धा ऐकू येतं. उद्या तिची मुदत संपते. माझ्या शहाणपणापायी पोरीची पाच वर्षं बुडतील. ज्यांना सही करायची असेल त्यांनी दुसऱ्या मजल्यावर यावं. पेन आहे.”

काच लावली नाही. खाली मशीन थांबलं. वर एक खुर्ची सरकली. कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला. मी आमच्या हिच्याकडे बघितलं, तिनं पदरासारखा टॉवेल डोळ्यांना लावला होता.

बेल वाजली. दारात हेडमास्तर, स्वतःचं पेन घेऊन, तळमजल्यापासून चढून धापा टाकत. “सहज आलो होतो,” ते म्हणाले. “काही ऐकू वगैरे आलं नाही. ते तुमचं नमुना ग का काय, कुठं करायची सही?”

त्यांच्या मागे काकू होत्या, गळ्यात टेप. त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर आणि त्यांची बायको एकत्र आले, एकाच पेनानं सही केली, आणि जाताना जिन्यात एकमेकांशी बोलत होते. मला ऐकू आलं. वकीलसाहेबांनी नमुना दोनदा वाचला, सही केली आणि खाजगीत म्हणाले, “ते घोरण्याचं इतिवृत्तात घेऊ नका.” पाच वाजेपर्यंत बेचाळीस सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी खिडकी सहावरच्या बाईंनी त्या मोजल्या, तारीख पाहिली, आणि प्रबंध आत घेतला, हे आताच सांगून टाकतो. तुमचा जीव उगाच टांगणीला नको.

पण त्या दुपारी सूनबाईच्या खोलीचं दार बंदच होतं. माणसं येत होती, जात होती, ते उघडलं नाही. माझं निम्मं लक्ष त्या दाराकडे. सगळे गेल्यावर ती बाहेर आली. टेबलाशी बसून तिनं एक एक सही बोट ठेवून मोजली. मग एक कोरी ओळ माझ्यासमोर सरकवली.

“तुमची राहिली, बाबा.”

“बेचाळीस झाल्यात. आता गरज नाही.”

“मला हवी आहे.”

मी सही केली. ‘समजले व पटले’ पूर्ण वाचून केली. पेन खाली ठेवलं आणि विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं, “मघाशी मी बोललो ते तुला... ऐकू आलं?”

सगळ्या इमारतीत एकानंही दुपारपासून या प्रश्नाला हो म्हटलं नव्हतं. तिनं सहीवर हलकी फुंकर मारली.

“आलं,” ती म्हणाली. “आजचंही आलं, आणि आधीचंही सगळं आलं होतं.”

त्यावर मी तिला काय म्हणालो, ते इथं लिहीत नाही. आमच्या इमारतीत कोणालाही विचारा. कोणालाही काहीही ऐकू आलेलं नाही, पण शब्दशः सांगतील.